गालिच्याआधी जिन्याचं माप

जिन्याच्या पायऱ्यांवर बसवायचे गालिच्याचे तुकडे आता पुण्या-नाशकातही घरपोच मिळतात. तेरा, चौदा किंवा पंधरा नगांचा संच, पाठीला रबर आणि माप बहुतेक वेळा ठरलेलं: ३० इंच लांब, ८ इंच रुंद. घेणारा तळाच्या पायरीला टेप लावतो, “बसतंय की” म्हणतो आणि मागवून मोकळा होतो. मग कुठे तीन पायऱ्या बोडक्या राहतात, कुठे वळणावरच्या तिरप्या पायरीवर चौकोनी तुकडा अधांतरी लटकतो, कुठे कठड्याचा खांब आडवा येतो. हे सगळं आधीच्या अर्ध्या तासात टळण्यासारखं असतं. मात्र मोजमापाचा प्रश्न तुकडा बसण्यापुरता नाही. पायऱ्यांवर जाडी चढवली की जिन्याचं उंचीचं गणितही हलतं. त्याबद्दल विकणारा बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही.

संच तेरा नगांचाच का, याचं उत्तर अमेरिकी घरात आहे. तिथलं नेहमीचं दुमजली लाकडी घर घ्या. आठ फुटी छत, वर मजल्याच्या तुळया, म्हणजे एका जमिनीपासून दुसऱ्या जमिनीपर्यंत साधारण नऊ फूट. पायरीचा उभा भाग, ज्याला आपला गवंडीही रायझरच म्हणतो, तिथल्या घरांच्या नमुना संहितेनुसार पावणेआठ इंचांपेक्षा उंच चालत नाही. नऊ फुटांना असे चौदा रायझर लागतात. पाय ठेवायच्या सपाट्या, म्हणजे ट्रेड, त्याहून एकने कमी भरतात, कारण शेवटचा रायझर चढलं की आपण थेट वरच्या जमिनीवर असतो. म्हणून तेरा. नऊ फुटी छताच्या घरात हाच हिशेब चौदा-पंधरावर जातो.

आपल्याकडे दोन मजल्यांतलं अंतर दहा फूट धरलं आणि अठरा रायझर केले, तर एकेक साधारण सहा इंच पाच सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) होतो. जिना मधल्या लँडिंगला वळणारा असला, नऊ खाली आणि नऊ वर, तर प्रत्येक भागात आठ ट्रेड. एकूण सोळा आणि शिवाय लँडिंग. पंधराच्या संचात हा जिना मावत नाही. दोन संच घ्या किंवा तुकडे कापून घ्या. तेव्हा पहिलं काम मोजणीचं: रायझर मोजा, प्रत्येक भागातून एक वजा करा, लँडिंग वेगळं लिहा. नुसत्या पायऱ्या मोजायला गेलं की कोणी लँडिंग धरतो, कोणी धरत नाही आणि एकाच घरातली दोन माणसं दोन आकडे सांगतात.

जिन्यावर गालिचा घालण्याची चाल थंड प्रदेशातली, लाकडी जिन्यांची. इंग्लंडमध्ये विल्टन आणि अ‍ॅक्समिन्स्टर पद्धतीचे पट्टे मागावर २७ इंच रुंदीचे विणले जात, म्हणजे पाऊण वार. जिन्याच्या मधोमध हा पट्टा सोडायचा आणि दोन्ही बाजूंचं उघडं लाकूड रंगवायचं, अशी तिथली रीत होती. आज दोन्ही कडांना लाकूड दिसणारा पट्टा खानदानी वाटतो. त्यात मागाच्या रुंदीचा वाटा मोठा आहे. प्रत्येक पायरीच्या कोनात बसवलेली पितळी कांबही शोभेपुरती नव्हती. पट्टा मुद्दाम थोडा लांब घेत, जादा भाग टोकाला दुमडून ठेवत आणि काही काळाने कांबी काढून सगळा पट्टा थोडा सरकवत. पायरीच्या काठावर घासलेला भाग आत जाई, आतला काठावर येई. सुट्ट्या तुकड्यांत ही सोय अदलाबदलीची आहे: जास्त झिजलेला तुकडा वर्षाने कमी झिजणाऱ्या पायरीवर टाकायचा. पण त्यासाठी सगळ्या पायऱ्या एका मापाच्या हव्यात.

त्या तशा नसतात.

पायरीचं प्रमाण किती असावं, यावर साडेतीनशे वर्षं विचार झालेला आहे. फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लाँदेल याने १६७५मध्ये प्रसिद्ध व्हायला लागलेल्या आपल्या वास्तुकलेच्या पाठांत एक साधं सूत्र मांडलं: रायझरची दुप्पट अधिक ट्रेड बरोबर चोवीस फ्रेंच इंच. सपाटीवर माणसाचं पाऊल दोन फुटांचं पडतं आणि एक इंच वर चढायला दोन इंच पुढे चालण्याइतका त्रास होतो, असा त्याचा तर्क. चोवीस फ्रेंच इंच म्हणजे आजचे जवळपास ६५ सेंटिमीटर. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घराच्या जिन्यासाठी रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि ट्रेड, पुढे आलेला काठ सोडून, कमीत कमी २५० मिलिमीटर सांगते. दुप्पट करून मिळवा, ६३ सेंटिमीटर. अमेरिकेचा पावणेआठ आणि दहा इंचांचा हिशेब करा, पावणेपासष्टच्या आसपास. ब्रिटनचे नियम घरातल्या जिन्याला ५५ ते ७० सेंटिमीटरची मोकळीक देतात आणि रायझर थेट २२० मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. लंडनमधल्या जुन्या घरात वर चढताना मराठी पाहुण्याला धाप लागते, ती उगाच नाही.

आता टेप हातात घ्यायला हरकत नाही. पण कुठून कुठे धरायची? संहितेतला ट्रेड एका काठापासून पुढच्या काठापर्यंतचं आडवं अंतर सांगतो. तुकड्याला हवं असतं ते रायझरच्या अंगापासून काठाच्या टोकापर्यंतचं अंतर. काठ, म्हणजे नोझिंग, इंचभर पुढे आलेला असेल तर ही दोन मापं इंचाने वेगळी पडतात. आर्किटेक्टच्या नकाशावरचा दहाचा आकडा बघून तुकडे मागवणाऱ्याची पायरी खरी अकरा इंचांची असते. म्हणून नकाशा बाजूला ठेवायचा आणि प्रत्यक्ष पायरीवर, रायझरला टेप टेकवून, डाव्या टोकाला, मध्यावर आणि उजव्या टोकाला मोजायचं. तिन्हींत लहान असेल ते खरं धरायचं. पायरी गुण्यात आहे की नाही हेही त्यातच कळतं. आपल्या घरांत एका टोकाला दहा इंच आणि दुसऱ्या टोकाला पावणेदहा ही गोष्ट अगदी रोजची आहे. भिंतीचं प्लास्टर जाड झालं, फरशीवाल्याने फरक शेवटच्या पायरीत ढकलला, विषय संपला.

लांबीचं माप भिंतीपासून कठड्यापर्यंत. इथे स्टीलच्या पाइपचा कठडा फसवतो. त्याचे खांब जिन्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले असतील तर पूर्ण पायरी मोकळी मिळते. पायरीवरच गाडलेले असतील तर खांबाच्या तळाच्या गोल चकतीसकट तीन-चार इंच जातात. संहितेनुसार घरातला जिना किमान एक मीटर रुंद हवा, दुमजली रो-हाउसला मात्र पाऊण मीटरही चालतो. पाऊण मीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. तिथे तीस इंचांचा तुकडा कसा बसणार? दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे सोडावेत. तुकडा नीटनेटका दिसतो आणि कडा भिंतीला घासून उसवत नाहीत.

तिसरं माप काठाचं आणि ते बहुतेक जण घेतच नाहीत. बाजारात तुकडे दोन जातींचे. एक सपाट, दुसरा पुढच्या काठावरून खाली वळणारा. सपाट तुकडा काठापासून इंच-दोन इंच मागे बसतो आणि उघडा राहतो तो नेमका गुळगुळीत काठ. उतरताना पावलाचा चवडा तिथेच पडतो आणि जिन्यावरच्या दुखापती चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतात. म्हणजे पैसे खर्चून आपण पायरीचा सुरक्षित भाग झाकला आणि धोक्याचा भाग चकचकीत ठेवला. वळणारा तुकडा घ्यायचा तर काठाची जाडी, त्याची गोलाई आणि तो रायझरच्या किती पुढे आलेला आहे, हे तिन्ही बघायला हवं. लोखंडी टेप गोलाईवर उभी राहते, म्हणून इथे शिवणकामाची कापडी टेप वापरावी: रायझरपासून सपाटीवरून, काठावरून वळवून, खालच्या अंगापर्यंत. काठ पुढे आलेलाच नसेल, रायझर आणि ट्रेड एका रेषेत असतील, तर वळवायला काही उरत नाही. तुकड्याचा खाली वळणारा भाग, म्हणजे ओठ, रायझरवर चिकटवावा लागतो आणि पहिला सुटतो तो ओठच.

तिरप्या पायऱ्या हा वेगळाच ताप. जागा वाचवण्यासाठी रो-हाउसच्या कोपऱ्यात लँडिंगऐवजी तीन त्रिकोणी पायऱ्या काढतात. एकीचंही माप दुसरीला लागू पडत नाही. अमेरिकी नमुना संहिता सांगते, अशी पायरी अरुंद बाजूपासून बारा इंचांवर, जिथून माणूस प्रत्यक्ष चालतो तिथे, दहा इंच भरली पाहिजे आणि कुठेही सहा इंचांच्या खाली जाता कामा नये. आपल्याकडे कित्येक घरांत आतलं टोक शून्यावर येतं. तिथे आकडे लिहून भागत नाही, कागदच कापावा लागतो. वर्तमानपत्र चालतं, पण घड्यांवर फाटतं. पुस्तकांना घालायचा खाकी कागद बरा. पायरीवर अंथरायचा, नखाने कड दाबून घडी पाडायची, घडीवर कापायचं आणि लगेच लिहायचं: पायरी क्रमांक, वरची बाजू, भिंतीची बाजू. हे लिहिलं नाही की गालिचेवाला कागद उलटा धरतो आणि तुकडा आरशातल्यासारखा उलटा कापून देतो. तीनपैकी मधली पायरी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते, म्हणून घोळ बहुतेक तिथेच होतो. लवेची दिशाही कागदावर बाणाने दाखवावी. हात वरून खाली फिरवला की लव मऊ लागली पाहिजे. एखादा तुकडा उलटा गेला की तो वेगळ्या रंगाचा वाटतो आणि झिजतोही लवकर.

आणि एकक एकच ठेवा. सुतार इंच-सुतात बोलतो, दुकानाच्या पानावर सेंटिमीटर असतात आणि माल आलेला असतो इंचांच्या हिशेबाने. २० बाय ७६ आणि ८ बाय ३० हे एकच माप आहे, पण ‘७६’ बघून आपला तुकडा वेगळा आहे असं समजून दोनदा मागवणारे भेटतात.

आता जाडीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गोम तिथे आहे. सगळ्या पायऱ्यांवर सारखी जाडी चढवली तर मधल्या कुठल्याच रायझरची उंची बदलत नाही, कारण वरची आणि खालची दोन्ही पायऱ्या तेवढ्याच उंचावतात. बदलतात फक्त दोन: तळाचा रायझर तेवढ्याने वाढतो, कारण खालची जमीन तिथेच आहे आणि शेवटचा तेवढ्याने कमी होतो. लँडिंगवर गालिचा नसेल तर हाच प्रकार तिथेही होतो, लँडिंगवर चढणारा रायझर खुजा, तिथून पुढचा उंच. अमेरिकी नियमात एका जिन्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका रायझर यांत तीन अष्टमांश इंचांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे आपल्या सुताराचे बरोबर तीन सूत. रबरासकट जाड तुकडा सहज तेवढा भरतो. म्हणजे तिकडे नियमाबरहुकूम केलेल्या जिन्याची सगळी मोकळीक एका गालिच्यात संपते.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. जिन्याचं काँक्रीट ओततात तेव्हा सगळे रायझर सारखे असतात. मग खोलीत माल पसरून फरशी बसते, जमीन समजा अडीच इंच वर येते. पायरीवर पातळ मालावर ग्रॅनाइट बसतं, दीड इंच. आधी विचार करून हा फरक काँक्रीटमध्येच धरला नसेल, तर तळाचा रायझर इंचभर बुटका होतो आणि वरचा इंचभर उंच. पुढे जुन्या फरशीवर नवी फरशी टाकली की फरक आणखी वाढतो. घरातली माणसं सरावतात. पाहुणा मात्र अंधारात खाली उतरताना शेवटच्या पायरीला जमीन अपेक्षेपेक्षा आधी लागून दचकतो. या जिन्यावर गालिचा घातला तर तळाचा रायझर थोडा वाढतो, वरचा थोडा उतरतो. अमेरिकी जिन्याला बिघडवणारी जाडी आपल्या जिन्याला किंचित सुधारते. पण तीन सुतांनी इंचाची भरपाई होत नाही, तेव्हा यावर कोणी विसंबून राहू नये. तुकडे मागवण्याआधी प्रत्येक रायझरची उंची लिहून काढावी, एवढंच यातून घ्यायचं.

टेपशिवायही हा फरक सापडतो. जिन्यांच्या सुरक्षेवर दीर्घकाळ काम केलेले जेक पॉल्स एक सोपी परीक्षा सांगतात. जिन्याच्या माथ्यावर उकिडवं बसायचं, डोळा इतका खाली आणायचा की वरच्या पायरीच्या काठामागे खालचे सगळे काठ एका रेषेत लपतील. जो काठ वर डोकावतो किंवा दबलेला दिसतो, ती पायरी मापात नाही. गवंड्याच्या दोरीने जे कळतं ते इथे नजरेने कळतं. जॉन टेम्पलर यांच्या ‘द स्टेअरकेस’ या १९९२च्या दोन खंडांच्या ग्रंथात पायऱ्यांच्या अशा अनियमितपणाचा आणि त्यातून होणाऱ्या पडण्याचा सविस्तर विचार आहे. आपले पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बांधतात आणि पुढचा जिना त्या अंदाजावर उतरतात. नजर पुढे कुठे तरी असते. पडण्याचा विषय हलका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यात जिन्याशिवायचीही सगळी पडणी आली, पण म्हाताऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्यामुळे रंगाचा प्रश्नही सौंदर्याचा राहत नाही. वेलबुट्टीचा किंवा आडव्या पट्ट्यांचा गालिचा पायरीच्या कडा गिळून टाकतो. मोतीबिंदू झालेल्या आजीला वरून बघताना एक पायरी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळत नाही. एकरंगी तुकडा घ्यावा, पायरीच्या दगडापेक्षा ठळक वेगळ्या रंगाचा. काळ्या ग्रॅनाइटवर गर्द तपकिरी तुकडे दुकानातल्या फोटोत शोभतात, रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात दिसतच नाहीत.

मग गालिचा घालावा का? न्यू जर्सीतल्या मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांसाठी उत्तर हो असं आहे. तिथे पॉलिश केलेलं ओकचं लाकूड असतं, थंडीमुळे पायात मोजे असतात आणि मोजा पॉलिशवरून सुटला की सावरायला वेळ मिळत नाही. नीट मापाचे, काठावरून वळणारे, पक्के चिकटवलेले तुकडे तिथे कामाचे. तिकडची पुष्कळ मंडळी म्हाताऱ्या कुत्र्यासाठीही हेच घेतात, त्याचं कारणही तेच.

आपल्या ग्रॅनाइटच्या जिन्याबद्दल माझं मत वेगळं आहे. इथे घरात अनवाणी वावर असतो आणि कोरड्या दगडावर अनवाणी पाऊल बऱ्यापैकी धरतं. पाय घसरतो तो ओल्या पायरीवर आणि जिना रोज पुसला जातो. ओल्या दगडावर चिकटपट्टी सुटते, सुटा तुकडा पायाखाली सरकतो आणि असा सरकता तुकडा उघड्या पायरीहून वाईट. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर रबराखाली ओल साचते, कुबट वास येतो, लोकरीला कसर लागते. शिवाय घरकामाला येणाऱ्या मावशींना एकदा विचारून बघा, सोळा तुकडे रोज उचलून खालची धूळ कोण काढणार आहे. उत्तर ऐकून निम्म्या घरांचा बेत तिथेच रद्द होईल. त्यापेक्षा दगडाच्या काठाजवळ दोन-तीन खाचा मारून घ्याव्यात; हे काम बसवलेल्या दगडावरही यंत्राने होतं आणि एकदाच करावं लागतं. तेवढा खटाटोप नको असेल तर काठावर खरखरीत पट्टी लावावी. ती झिजते, पण बदलायला सोपी. जुन्या वाड्यांचे भिंतीतून चढणारे उभे जिने, जिथे पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि उतरताना दोर धरावा लागतो, त्यांच्यावर तर काहीही अंथरू नये. तिथे असलेली जागाच अपुरी आहे, त्यात गालिच्याची गोलाई आणखी सूतभर खाते.

तरीही घालायचाच असेल, कारण लहान मूल पायऱ्यांवर गुडघे फोडून घेतं किंवा रात्री खालच्या मजल्यावर पावलांचा आवाज जातो, तर आधी एकच तुकडा विकत घ्या. तो सर्वांत अरुंद पायरीवर बसवा, आठ दिवस जिना नेहमीसारखा पुसू द्या आणि तो जागचा हलला नाही तरच उरलेल्यांचे पैसे भरा.